बर्फाचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही उल्लेख तसेच ठेवले आहेत.)

अध्यक्षमहाराज, सेक्रेटरीसाहेब, आणि ए, बी, सी तिन्ही विंगमधून खुर्च्या घेऊन वेळेवर आलेल्या मंडळींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरींची अपेक्षा होती की मी 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोलावं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून लोक तेवढीच अपेक्षा करतात. मी त्यांना म्हटलं, गुंतवणुकीवर बोललो तर उद्या कोणाचे तरी पैसे बुडतील आणि लिफ्टमध्ये भेटणं अवघड होईल. मी बर्फावर बोलतो. बर्फ वितळतो हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे तक्रार येत नाही.

बर्फाचं वेड मला कसं लागलं ते आधी सांगतो. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. साल १९६०, मे महिना. मी दहा वर्षांचा. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला अक्का म्हणायचो, टायफॉईड झाला. ताप एकशे चारच्या खाली येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवा. आता बर्फ गावात एकाच ठिकाणी मिळायचा, स्टेशनाजवळच्या सोडावॉटरच्या दुकानात. दुकानदाराकडे आतून पत्रा मारलेली एक लाकडी पेटी होती. पेटीत भुसा, भुशात गोणपाट आणि गोणपाटात लादीचा तुकडा. टोच्याने फोडून तो दोन आण्यांचा बर्फ तोलून द्यायचा.

मी पंचात बर्फ गुंडाळून निघालो. वाटेत मारुतीच्या देवळापुढे डोंबाऱ्याचा खेळ चालला होता. एक लहान मुलगी दोरीवरून चालत होती. मी उभा राहिलो. किती वेळ ते आज सांगता येणार नाही, पण पंच्यातून पाणी पोटरीवरून ओघळायला लागलं तेव्हा भानावर आलो. घरी पोचलो तेव्हा हातात लिंबाएवढा बर्फ उरला होता. वडील दारात उभे होते. त्यांनी पंचा घेतला, उलगडून पाहिला आणि एक शब्द न बोलता स्वतः सायकल काढून गेले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

अक्का बरी झाली. ती क्लोरोमायसेटिनच्या गोळ्यांनी बरी झाली, बर्फाने नव्हे, हे मला पुढे कळलं. पण तोवर माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसला होता. त्या सोडावॉटरवाल्याचा बर्फ भर मे महिन्यात दिवसभर टिकतो आणि माझा अर्ध्या मैलात का विरघळतो? बँकेत लागल्यावर, बदल्यांच्या गावी, जिथे बरं वाचनालय मिळालं तिथे मी या प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातलं थोडंसं आज सांगतो.

आपल्या देशात बर्फ इंग्रजांच्या आधी नव्हता असं नाही. हिमालयातला बर्फ होताच. अकबर बादशहा लाहोरला राहायला गेल्यावर, म्हणजे १५८६च्या सुमारापासून, डोंगरातला बर्फ त्याच्याकडे होडीने, गाडीने आणि माणसांच्या डोक्यावरून यायचा. 'ऐने-अकबरी'मध्ये त्याची नोंद आहे. त्याच पुस्तकात सोऱ्याने पाणी गार करण्याची कृतीही आहे. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तोच. तो पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, आणि त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत ठेवली की आतलं पाणी गार होतं. ज्या मालाने शत्रू भाजायचा त्यानेच सरबत गार करायचं.

पण मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते अलाहाबादच्या बर्फवाल्यांचं. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांची पद्धत पाहून लिहून ठेवली आणि ती १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. उघड्या माळावर तीस फूट चौरस आणि दोन फूट खोल असे खड्डे खणायचे. त्यात उसाचे चिपाड किंवा मक्याची वाळकी ताटं आठ ते बारा इंच जाडीची पसरायची. त्यावर मातीच्या, न भाजलेल्या वाटाव्यात इतक्या सच्छिद्र, उथळ परळांच्या रांगा मांडायच्या. संध्याकाळी त्यात उकळून निववलेलं पाणी घालायचं. थंडीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असेल आणि वारा नसेल, तर पहाटे परळात बर्फाच्या चकत्या तयार! सूर्य उगवायच्या आत माणसं त्या गोळा करायची आणि गवत व जाड कांबळी लावलेल्या चौदा-पंधरा फूट खोल विहिरीत ठोकून बसवायची. तो बर्फ उन्हाळ्यासाठी.

आता गंमत अशी की त्या रात्री अलाहाबादची हवा शून्याच्या खाली जात नसे. मग पाणी गोठलं कसं? त्याचं नीट उत्तर पुढे चाळीसेक वर्षांनी मिळालं, विल्यम वेल्स या डॉक्टरने दंवावर लिहिलेल्या निबंधात, १८१४ साली. रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे टाकत असते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. ढग नसले तर गेलेली उष्णता गेलीच. खालून चिपाडाचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. म्हणजे परळातल्या पाण्याच्या खात्यात जमा बंद आणि खर्च चालू. सकाळपर्यंत खातं शून्याखाली जाणारच. ज्या कामगारांनी हे शोधून काढलं त्यांची नावं कुठेही नाहीत. बार्करसाहेबांचं मात्र आहे. असो.

या अशा हुगळी काठच्या, जरा चिखलट बर्फावर कलकत्त्याचे साहेबलोक दिवस काढत असताना, ६ सप्टेंबर १८३३च्या सुमारास एक अजब जहाज नदीत शिरलं. त्याचं नाव 'टस्कनी'. ते १२ मे रोजी अमेरिकेतल्या बोस्टनहून निघालं होतं. पोटात माल काय, तर १८० टन बर्फ! तळ्यावरचा, हिवाळ्यात कापलेला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडलेलं. आणि कलकत्त्याला पोचल्यावर शिल्लक किती? सुमारे १०० टन. म्हणजे शेकडा चव्वेचाळीस घट. माझी घट अर्ध्या मैलात शेकडा नव्वद होती हे लक्षात घ्या.

हा उद्योग करणाऱ्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. या माणसाची कर्जाची फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी ती पहिल्या पानावरच बंद केली असती. चांगल्या घरचा मुलगा, १८०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी बोस्टनचा बर्फ वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर विकायला घेऊन गेला. कोणी जहाज भाड्याने देईना म्हणून जहाजच विकत घेतलं. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. बेटावर बर्फ पोचला, पण तिथे तो ठेवायला जागा नव्हती आणि लोकांना त्याचं करायचं काय हेही ठाऊक नव्हतं. तोटा झाला. पुढे देणेकऱ्यांनी त्याला पकडून दिलं आणि १८१२ व १८१३ साली कर्जापायी तुरुंगाची हवाही खावी लागली. तरी बाहेर आला की परत बर्फ!

पण चिकाटीच्या जोडीला त्याने काही गोष्टी डोकं लावून केल्या, आणि माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. पहिली गोष्ट, भुसा. मेन प्रांतातल्या लाकडाच्या गिरण्यांतून भुशाचे ढीग फुकट पडलेले असायचे. भुसा स्वतः गार नसतो. पण त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. आपली गोधडी त्याच तत्त्वावर चालते. गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब जाऊ देत नाही. बर्फावर घातली तर बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. माझ्याकडे नुसता ओला पंचा होता, आणि ओलं फडकं म्हणजे उष्णतेला उघडं दार.

दुसरी गोष्ट, चौकोनी लाद्या. ट्यूडरकडे नॅथॅनियल वाईथ नावाचा माणूस होता. त्याने १८२५च्या सुमारास घोड्याने ओढायचा, नांगरासारखा बर्फ कापायचा अवजार केला. त्याने तळ्यावर आखल्यासारख्या रेघा मारून एकाच मापाच्या लाद्या निघू लागल्या. सारख्या मापाच्या लाद्या एकमेकींना चिकटवून रचल्या की मध्ये फट राहत नाही आणि सगळी रास मिळून एक मोठा बर्फाचा डोंगर होतो. बर्फ वितळतो तो बाहेरच्या अंगाने. तुकडा जितका लहान तितकं त्याचं अंग जास्त उघडं. मोठी रास केली की आतल्या बर्फाला बाहेरची हवाच लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आपल्याच सोसायटीत तो पुन्हा येणार आहे.

आणि तिसरी गोष्ट खास व्यापाऱ्याची. बोस्टनहून हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांना जाताना पुरेसा माल नसायचा, परत येताना असायचा. रिकाम्या जहाजात वजन म्हणून काही ना काही भरावंच लागे. त्यामुळे बर्फाला भाडं कमी पडे.

कलकत्त्यात काय जल्लोष झाला म्हणता! सरकारने बर्फावरची जकात माफ केली आणि तो रात्रीचा उतरवायला परवानगी दिली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी बर्फ घेऊन आलेल्या रॉजर्स यांना सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं पात्र भेट दिलं. गावच्या गोऱ्या लोकांनी वर्गणी काढून बर्फ ठेवायला इमारत उभारली. सतीबंदीचा कायदा करणारा बेंटिंक आपण शाळेत शिकलो, बर्फवाल्याला पेला देणारा बेंटिंक कोणी शिकवला नाही.

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, बर्फ मुंबईत आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो आणवला. त्या वर्षी जमशेटजी जीजीभाई यांनी घरच्या मेजवानीत आईस्क्रीम वाढलं, आणि नंतर यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'मध्ये आली, असं सांगतात. मुंबईकर एवढ्यात बर्फाला घाबरले नाहीत. १८४३च्या सुमारास कोटात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. मी फोर्टच्या शाखेत असताना दुपारच्या सुट्टीत लायन गेटपर्यंत चालत जाऊन ती जागा किती वेळा न्याहाळली असेन! आता तिथे घुमट नाही. तो पाहायचा असेल तर मद्रासला जावं लागतं. तिथलं ट्यूडरचं १८४२चं बर्फघर समुद्रकिनाऱ्यावर अजून उभं आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली परदेशातून परतल्यावर त्याच वास्तूत उतरले होते, आणि आता तिला त्यांचंच नाव आहे.

ट्यूडरने मधल्या काळात कॉफीच्या सट्ट्यात दोन लाख डॉलरच्या वर कर्ज करून ठेवलं होतं. ते फेडायला हिंदुस्थानातला बर्फ कामी आला. आमच्या भाषेत, बुडीत खातं वसूल झालं. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या जिवावर.

आता यंत्राकडे वळू. यंत्राने बर्फ करायची कल्पना समजायला दवाखान्यातला कापसाचा बोळा आठवा. इंजेक्शनच्या आधी नर्स स्पिरिट लावते तेव्हा तिथे गार लागतं. बाटलीतलं स्पिरिट काही फ्रीजमध्ये ठेवलेलं नसतं. ते उडून जाताना, म्हणजे द्रवाची वाफ होताना, लागणारी उष्णता आपल्या कातडीतून उचलतं. माठ याच तत्त्वावर गार होतो. ग्लासगोत विल्यम कलन यांनी १७४८ साली ईथर निर्वात जागेत उडवून थंडी निर्माण करून दाखवली. पण उडालेलं ईथर वाया गेलं. रोज नवीन ईथर कुठून आणणार?

उपाय असा की उडालेली वाफ पकडायची, पंपाने दाबायची, दाबली की ती तापते, तिची उष्णता बाहेर सोडून द्यायची, की पुन्हा द्रव तयार. मग परत उडवायचं. तेच भांडवल फिरत राहतं, आत उष्णता उचलतं आणि बाहेर टाकतं. तुमच्या फ्रीजच्या मागे हात लावून पाहा. तिथे गरम लागतं ती तुमच्या दुधातली आणि कालच्या आमटीतली उष्णता, शिवाय पंपाने घेतलेली वीज. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो उष्णता बाहेर वाहून नेणारा हमाल आहे. आमच्या नातवाने उन्हाळ्यात खोली गार व्हावी म्हणून फ्रीजचं दार उघडं ठेवलं होतं. त्याला हेच समजावून सांगितलं. त्याला पटलं, विजेचं बिल मात्र यायचं ते आलंच.

या फिरत्या भांडवलाच्या यंत्राचं पेटंट लंडनमध्ये जेकब पर्किन्स या अमेरिकन माणसाने घेतलं. साल पाहा, १८३४. ज्या वर्षी मुंबईने बोस्टनचा बर्फ पहिल्यांदा चाखला त्याच वर्षी त्या व्यापाराचा काळ लंडनमध्ये जन्माला आला होता आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पर्किन्सचं वय तेव्हा अडुसष्ट. इथे बसलेल्या बहुतेकांच्या आसपासचं. आणि मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटायचं कारण वेगळंच आहे. त्याचा मूळ धंदा नोटांचा! खोट्या नोटा करणं अवघड जावं म्हणून पोलादी पट्ट्यांवर बारीक कोरीवकाम करून छपाई करण्याची पद्धत त्याने बसवली. १८४० सालचं जगातलं पहिलं टपाल तिकीट, ते काळं पेनीचं, त्याच्याच कंपनीने छापलं. म्हणतात की यंत्रातून पहिला बर्फ निघाला तेव्हा कारागिरांनी तो घोंगडीत गुंडाळून घोडागाडीने म्हाताऱ्याच्या घरी नेऊन दाखवला. धंदा मात्र काही झाला नाही.

ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं तो माणूस म्हणजे डॉक्टर जॉन गोरी. अमेरिकेत दक्षिणेला फ्लोरिडात अपालाचिकोला नावाचं बंदर आहे. तिथे हा डॉक्टर, आणि गावात दर उन्हाळ्यात तापाची साथ. हिवतापाचं कारण दूषित हवा असं तेव्हा सगळेच मानत. डास हे कारण आपल्याकडे सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली दाखवलं. तर गोरींना वाटलं की हवा गार केली तर रोगी वाचतील. त्यांनी तापाच्या रोग्यांच्या खोलीत छताला बर्फाचं भांडं टांगलं. गार हवा जड, ती खाली रोग्यावर उतरायची. पण बर्फ यायचा उत्तरेतून जहाजाने, आणि जहाज चुकलं की रोगी तसाच. म्हणून या डॉक्टरांनी दवाखाना बाजूला ठेवून हवा दाबून परत पसरवण्याचं यंत्र केलं. त्यातून बर्फ निघाला. ६ मे १८५१ रोजी पेटंट मिळालं. पैसे घालणारा भागीदार वारला, वर्तमानपत्रांनी चेष्टा केली, की देवाने करायची गोष्ट हा माणूस करू पाहतो. बर्फाच्या व्यापाऱ्यांनीच आपल्याविरुद्ध हे उठवलं असा गोरींचा संशय होता. १८५५ साली ते खचलेल्या अवस्थेत गेले. आज वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्यांचा पुतळा आहे.

त्यांचा सिद्धान्त चूक होता. गार हवेने हिवताप जात नाही. पण तापाने फणफणलेल्या माणसाजवळ बसून बर्फाची वाट पाहणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून मला त्या माणसात काहीच हास्यास्पद वाटत नाही.

पुढची मंडळी भराभर सांगतो. ऑस्ट्रेलियात जिलाँग गावी जेम्स हॅरिसन नावाचा वर्तमानपत्राचा संपादक होता. छपाईचे खिळे ईथरने पुसताना ते गार पडतात हे पाहून त्याला सुचलं असं सांगतात. त्याने १८५०च्या दशकात ईथरची यंत्रं करून बर्फ विकला. १८७३ साली मात्र गोठवलेलं मांस जहाजाने लंडनला पाठवलं, ते वाटेत नासलं आणि तो धुळीला मिळाला. नऊच वर्षांनी, १८८२ साली, न्यूझीलंडहून 'डनेडिन' जहाज सुमारे पाच हजार मेंढ्या गोठवून लंडनला घेऊन गेलं आणि त्यातली एकच फेकून द्यावी लागली. फ्रान्सच्या फेर्दिनां कारे याने १८५९ साली अमोनिया आणि पाण्यावर चालणारं, पंपाऐवजी नुसत्या उष्णतेवर चालणारं यंत्र केलं. अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि उत्तरेचा बर्फ बंद झाला तेव्हा दक्षिणेने कारेची यंत्रं वेढा चुकवून आणली. आणि जर्मनीत म्युनिकच्या कार्ल लिंडे या प्राध्यापकाने १८७०च्या दशकात अमोनियाचा पंप असा नीट, हिशेबाने बसवला की दारूभट्ट्यांनी त्याची यंत्रं रांगा लावून घेतली. आपल्याकडचे बर्फाचे कारखाने अजूनही अमोनियावरच चालतात. मिठाच्या पाण्याचा हौद, त्यात अमोनियाच्या नळ्या, आणि हौदात बुडवलेले पत्र्याचे लांब डबे. मिठाचं पाणी शून्याखालीही गोठत नाही, डब्यातलं साधं पाणी गोठतं. कारखान्यात शिरल्याबरोबर नाकाला झोंबतो तो अमोनिया.

१८७८ साली कलकत्त्यात बेंगाल आइस कंपनी निघाली. गावातच बर्फ मिळू लागल्यावर बोस्टनहून कोण आणणार? दोन-चार वर्षांत अमेरिकन बर्फाचा बाजार उठला. जवळजवळ पन्नास वर्षं चाललेला धंदा.

पण त्या काळाची एक खूण आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेली आहे. मागच्या सभेत एसीच्या बाहेरच्या युनिटवरून वाद झाला. कोणी म्हणालं माझा एक टनाचा, कोणी म्हणालं दीड टनाचा. मी विचारलं, टन म्हणजे काय? सगळे गप्प. एक जण म्हणाले, वजन असेल. मंडळी, एसीचं वजन दीड टन असतं तर आपल्या भिंती उरल्या नसत्या! हा टन बर्फाचा आहे. यंत्रं नवीन आली तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, तुमचं यंत्र किती बर्फाचं काम करतं? एक अमेरिकन टन बर्फ, म्हणजे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. आपल्या विजेच्या मापात साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर त्याने १३६० किलो बर्फाचं काम केलं. एक लादी दीडशे किलोची धरली तर नऊ लाद्या. रोज नऊ लाद्या डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या असत्या तर आपण एसी किती वेळ लावला असता, ज्याने त्याने हिशेब करावा.

घरच्या फ्रीजचा इतिहास लांबवत नाही. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत आणि गळती झाली तर माणसं दगावत. बर्लिनमध्ये असं एक कुटुंब गेल्याची बातमी वाचून आईन्स्टाईनने झिलार्ड नावाच्या तरुण सहकाऱ्याबरोबर हलते भाग नसलेल्या फ्रीजची पेटंटं घेतली. होय, तोच आईन्स्टाईन. पण बाजारात आला दुसराच उपाय. थॉमस मिजली यांनी फ्रिऑन वायू शोधला आणि १९३० साली भर सभेत तो छातीत ओढून, सोडून मेणबत्ती विझवून दाखवली, की पाहा, विषारी नाही आणि पेटतही नाही. सगळे निर्धास्त झाले. हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो हे चव्वेचाळीस वर्षांनी, १९७४ साली, मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं आणि १९८७ साली माँट्रियलला जगाने तो थांबवायचा करार केला. आपल्याकडे १९५८ साली गोदरेजने पहिला देशी फ्रीज काढला. आमच्या घरी यायला १९८१ उजाडलं, तोही बँकेच्या कर्जावर. जिन्याखाली ज्यांचे जुने फ्रीज वर्षानुवर्षं पडून आहेत, नावं घेत नाही, त्यांनी ते भंगारात देताना नळी कापू देऊ नये. गॅस काढून घेणारा मेकॅनिक बोलवावा. पैसे थोडे जातील.

आता आपल्या सोसायटीची गोष्ट. २६ जुलै २००५. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना तो दिवस आठवत असेल. दुपारीच वीज गेली, संध्याकाळपर्यंत बी विंगची मीटररूम पाण्याखाली. आमच्या सौ. तेव्हा नुकत्याच इन्सुलिनवर आल्या होत्या. महिन्याच्या बाटल्या आदल्याच दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवलेल्या. रस्ते बंद, फोन बंद, औषधाचं दुकान छातीभर पाण्यात. मी बर्फाच्या इतिहासाचा एवढा अभ्यास केलेला, आणि मेणबत्तीच्या उजेडात बंद फ्रीजपुढे उभा. माठ आठवला, पण पावसाळ्यात हवा इतकी दमट की पाणी उडत नाही आणि माठ गार होत नाही. दहा वर्षांचा असताना हातात जे ओलं फडकं होतं तेच पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं.

मी समोरच्या वहिनींना सांगितलं, त्यांनी वरच्यांना. अर्ध्या तासात आठ घरांमधून बर्फाचे ट्रे आले. कोणी गोठलेली दुधाची पिशवी आणली, कोणी डीप फ्रीझरमधली वाटाण्याची पिशवी. तिसऱ्या मजल्यावर सुतारकाम चालू होतं, तिथून पोतंभर भुसा आला. औषधवाल्याचा पूर्वी कधीतरी ठेवून दिलेला थर्माकोलचा खोका आमच्याच माळ्यावर होता. आठ घरांतला बर्फ आठ घरांत राहिला असता तर सकाळपर्यंत सगळ्यांचं पाणी झालं असतं. तो एका खोक्यात घट्ट दाबून रचला, बाहेरून भुसा, वरून गोधडी. इन्सुलिन बर्फाला टेकून चालत नाही, गोठलं तर फुकट जातं, म्हणून बाटल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून जेवणाच्या डब्यात आणि डबा बर्फाच्या वर. खोका कोणी उगाच उघडू नये म्हणून त्यावर मी बँकेच्या सवयीने कागद चिकटवला आणि उघडल्याची वेळ व सही लिहायला सांगितली. लोक हसले, पण सह्या केल्या.

वीज चौथ्या दिवशी आली. खोक्यात तेव्हाही तळाशी पेरूएवढे दोन तुकडे होते. नंतर डॉक्टरांना मोठ्या अभिमानाने हे सांगितलं तर ते म्हणाले, अहो, काही दिवस साध्या खोलीत राहिल्या असत्या तरी बाटल्या बहुतेक ठीक राहिल्या असत्या. म्हणजे अक्काच्या वेळेसारखंच झालं. पण तो सह्यांचा कागद सौ.नी अजून देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवला आहे. आठ घरांपैकी तीन घरची माणसं आता इथे राहत नाहीत. दोघं या जगात नाहीत.

अक्का दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिला डोंबाऱ्याच्या खेळाचं सांगून टाकलं, बासष्ट वर्षांनी. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू आणलेला तो लिंबाएवढा तुकडा आईने मला चोखायला दिला होता. पिशवीतल्या बर्फाचं काही आठवत नाही बघ, त्याचीच चव आठवते." मग विचारलं, "ती मुलगी दोरीवरून पडली तर नाही ना रे?" मी म्हटलं नाही, पार पोचली.

बराच वेळ घेतला. एक सूचना करून थांबतो. कोजागरीला गच्चीवर दुधाबरोबर यंदा जुन्या पद्धतीचं पॉट आईस्क्रीम करायचं ठरलं आहे. लाकडी पॉट माझ्याकडे आहे, त्याचं हँडल जरा घट्ट फिरतं, तेल घालून ठेवतो. बर्फाची अर्धी लादी सेक्रेटरी सांगणार आहेत. खडे मीठ पाच किलो लागेल, बारीक मीठ कोणी आणू नये. आणि पॉट फिरवायला सी विंगमधली चार दणकट मुलं साडेसातला गच्चीवर हवीत, त्यांची नावं सूचनाफलकावर लिहावीत.